पत्र्याखालचा माळा तापतोय? शीट घ्यायच्या आधी हे करून बघा

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत सहज जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. दरवर्षी ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की उष्णता अडवायला पत्र्याखाली कुठलं शीट लावू. शीटचं नंतर, आधी दुपारी २ वाजता माळ्यावर जा आणि डोक्यावर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा. लगेच बरं वाटलं ना? म्हणजे नुसती हवा गरम नाहीये, तापलेला पत्रा वरून शेकतोय, तर पहिला इलाज पत्र्यावरच करायचा.

वरून पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह पेंटचे दोन हात द्या. चुना स्वस्त पडतो पण पावसाने धुऊन जातो. पेंटवर धूळ बसली की गुण कमी होतो म्हणून उन्हाळ्याआधी एकदा धुवायचं.

मग खालून चकचकीत बबल शीट (हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक, वर चांदीसारखा चमकदार थर), आणि इथेच बहुतेक जण चुकतात, शीट थेट पत्र्याला चिकटवून टाकतात. अहो, ती चमक मधे हवा असेल तरच काम करते! पत्रा ज्या पाईपांवर बसलाय त्यांच्या खालून शीट ताणून बांधा, वर निदान एक इंच पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळी लावून ती हवा बाहेर जाऊ द्या. एवढ्यानेच बऱ्याच घरांचं भागतं.

माळ्यावर कोणी झोपणार असेल किंवा एसी लावायचा असेल तर फॉल्स सीलिंगच्या वर ५० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) टाका, ती जळत नाही, पण भिजली की कामातून जाते आणि टाकताना हातमोजे-मास्क पाहिजेच. थर्माकोल उष्णता चांगली अडवतो, स्वस्तही आहे, तरी मी घरात उघडा लावू देणार नाही, कारण पेटला की काळा धूर होतो आणि माळ्यावर वायरी असतातच. पत्रा बदलायचाच असेल तर मात्र सरळ पफ पॅनेलचा (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं तयार पॅनेल) भाव काढा.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यांना ड्रिल मारू नका, घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. शीट किंवा सीलिंगची फ्रेम पत्र्याऐवजी भिंतीतून घ्या.

स्लॅबवाल्यांनी यातलं खालून लावायचं काही करत बसू नये, स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री सोडतो, त्याला वरूनच पांढरा रंग किंवा चायना मोझॅक (फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवणं).

आणि हो, काहीही लावायच्या आधी पत्र्यावर पाईपने पाणी मारून खाली एक माणूस उभा करा. स्क्रूपाशी थेंब दिसला की तिथे खडूने खूण, आधी ती भोकं बुजवायची, कारण एकदा सीलिंग झालं की गळती कुठे आहे ते सापडता सापडत नाही.