मॉडेलर पॉवर अ‍ॅम्पला जोडताय? या चुका टाळा

हेडफोनवर भरदार वाटणारा पॅच (मॉडेलरमध्ये जुळवून साठवलेला आवाज) पॉवर अ‍ॅम्पमधून गिटार कॅबिनेटवर आणला, की घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो. कधी उलटच होतं आणि आवाज कानात टोचायला लागतो. मग बहुतेक जण पॅच उकरायला बसतात. ट्रेबल वाढव, बास काप, दुसरं अ‍ॅम्प मॉडेल लाव. त्यात तासन्‌तास जातात आणि हाती फारसं लागत नाही, कारण दोष बहुधा पॅचचा नसून जोडणीचा असतो.

गिटारचा आवाज प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर कॅबिनेट अशा तीन टप्प्यांतून घडतो. मॉडेलर हे तिन्ही टप्पे आकडेमोडीने उभे करतो, वर माइकही लावून देतो. त्यापुढे खरा पॉवर अ‍ॅम्प आणि खरा कॅब लावला, की काही टप्पे दोनदा होतात. म्हणून पॅचला हात लावण्याआधी मोजणी करा. प्रत्येक टप्पा एकदाच यायला हवा. आवाज बिघडवणाऱ्या बऱ्याच चुका या मोजणीतच सापडतात. ओहम आणि केबलच्या चुका मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. त्या उपकरण जाळतात.

कॅब सिम चालूच राहिला

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मॉडेलरमधला कॅब ब्लॉक किंवा कॅब सिम, म्हणजे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स), हा एका विशिष्ट स्पीकरचा आणि त्यासमोरच्या माइकचा ठसा असतो. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याचा उंचवटा असतो. आयआरमधून गेलेला आवाज पुन्हा खऱ्या स्पीकरमधून गेला, की उतारही दुप्पट आणि उंचवटाही दुप्पट. आवाज एकाच वेळी दबका आणि नाकातून बोलल्यासारखा होतो तो यामुळे. कितीही ईक्यू (बास-ट्रेबलची जुळवाजुळव) केलं तरी तो पुरता सुटत नाही.

पॉवर अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या वाटेवरचा कॅब बंद करा, एवढाच उपाय. केम्परमध्ये आउटपुट विभागात ‘मॉनिटर कॅब ऑफ’ आहे. फ्रॅक्टलच्या यंत्रांत ग्लोबल सेटिंगमधून कॅबिनेट मॉडेलिंग बंद करता येतं. हीलिक्ससारख्या यंत्रात अ‍ॅम्प ब्लॉकनंतर वाट दोन फाट्यांत तोडायची. एका फाट्यावर कॅब ठेवून तो एक्सएलआरमधून मिक्सरला द्यायचा, दुसरा कॅबशिवाय पाव इंची जॅकमधून पॉवर अ‍ॅम्पला. प्रेक्षकांना माइक लावल्यासारखा आवाज जातो आणि तुमच्या पाठीशी खरा कॅब वाजतो. फाटे केल्यावर ईक्यूचं मात्र नक्की तपासा. हेडफोनसाठी लावलेले लो-कट आणि हाय-कट पॉवर अ‍ॅम्पच्या फाट्यावर तसेच राहून जातात आणि आवाज विनाकारण बारीक होतो.

याची उलटी चूक एफआरएफआर स्पीकरवर होते. तो सपाट, पूर्ण पल्ल्याचा स्पीकर असतो, त्याला कॅब सिम लागतोच. तो बंद असेल तर डिस्टॉर्शनवर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो.

मॉडेलर अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटात

गिटार जिथे लावतो त्याच जॅकमध्ये मॉडेलर लावला, की तो खऱ्या प्रीअ‍ॅम्पमधूनही जातो. आवाज दोन प्रीअ‍ॅम्पचा, दोन टोन स्टॅकचा (बास-मिड-ट्रेबलच्या सर्किटचा). योग्य जागा म्हणजे मागचा एफएक्स रिटर्न (इफेक्ट लूपमधून आवाज परत घेणारा जॅक) किंवा ‘पॉवर अ‍ॅम्प इन’. तिथे लावल्यावर पुढचे गेन आणि टोनचे नॉब निष्प्रभ झाले, तर जोडणी बरोबर आहे.

दोन ठिकाणी फसायला होतं. लूप समांतर असेल तर मिक्सचा नॉब १०० टक्के वेटवर (फक्त रिटर्नचा आवाज) हवा, नाहीतर अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पचा आवाज आणि खरखर मागून मिसळत राहते. दुसरं म्हणजे मास्टर व्हॉल्यूम. काही अ‍ॅम्पमध्ये तो लूपच्या आधी असतो, म्हणजे रिटर्नमधून येणाऱ्या आवाजावर त्याचा काहीही ताबा नसतो. पॉवर अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने उघडा असतो. म्हणून पहिल्यांदा जोडताना मॉडेलरचा आउटपुट शून्यावर ठेवा आणि हळूहळू वर न्या.

पॉवर अ‍ॅम्प मॉडेलिंग चालू ठेवायचं की बंद?

याचं उत्तर पॉवर अ‍ॅम्पच्या जातीवर आहे. ८ ओहमचा कॅब प्रत्येक सुराला ८ ओहम दाखवत नाही. खालच्या अनुनादाशी त्याचा विरोध (इम्पीडन्स) कितीतरी पट चढतो, वरच्या सुरांतही चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट विरोध जास्त असल्यामुळे या चढांवर त्याचा आवाज फुगतो. ट्यूब अ‍ॅम्पचा तो ओळखीचा धक्का आणि वरची चमक बऱ्याच अंशी इथून येते. साधा सॉलिड स्टेट किंवा क्लास डी अ‍ॅम्प असा फुगत नाही, त्याचा व्होल्टेज सपाट राहतो.

त्यामुळे सॉलिड स्टेट पॉवर अ‍ॅम्प असेल तर मॉडेलरमधलं पॉवर अ‍ॅम्प मॉडेलिंग चालू ठेवा. ट्यूब पॉवर अ‍ॅम्प असेल तर ते बंद करा किंवा नुसती प्रीअ‍ॅम्प मॉडेलं वापरा, नाहीतर सॅग (जोरात वाजवल्यावर आवाजाचं दबणं), प्रेझेन्स (वरच्या सुरांची धार) आणि खालचा फुगवटा दोनदा लागेल. काही सॉलिड स्टेट गिटार अ‍ॅम्प करंट फीडबॅक वापरून ट्यूबसारखे वागतात. त्यांच्याबाबतीत दोन्ही करून ऐका. हा एकच टप्पा असा आहे, जिथे मोजणीपेक्षा कानाचा निवाडा मोठा. दोनदा लागूनही आवाज आवडला तर खुशाल तसा ठेवा, नुकसान काही नाही.

लेव्हलचा घोळ

व्यावसायिक लाइन लेव्हल म्हणजे +४ डीबीयू, सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती लाइन लेव्हल −१० डीबीव्ही, सुमारे ०.३२ व्होल्ट. दोघांत जवळपास १२ डीबीचं अंतर आहे. रॅकमधल्या पॉवर अ‍ॅम्पला पहिली लागते. कॉम्बोचा एफएक्स रिटर्न बहुतेकदा पेडलच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्याला ती जड जाते. हीलिक्समध्ये ग्लोबल सेटिंगमधून पाव इंची आउटपुट ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘लाइन’ करता येतो. बऱ्याच मॉडेलरमध्ये अशी सोय असते, आणि ती न पाहताच लोक पॅचला दोष देतात.

क्लीन पॅचवर जाडी तार जोरात छेडल्यावर चरचर येत असेल तर अशी परीक्षा घ्या. मॉडेलरचा आउटपुट १० डीबीने खाली घ्या आणि पॉवर अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम तेवढाच वाढवा, म्हणजे एकूण आवाज होता तेवढाच राहील. चरचर गेली, तर पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट ओसंडत होता. तशीच राहिली, तर हेडफोन लावून बघा. तिथेही असेल तर मॉडेलरच्या आतच कुठला तरी ब्लॉक क्लिप होतोय. हेडफोनवर स्वच्छ असेल, तर पॉवर अ‍ॅम्पची ताकद संपली आहे किंवा स्पीकर थकला आहे.

मॉडेलर खूप खाली आणि पॉवर अ‍ॅम्प पूर्ण उघडा, असं केलं तर सतत सूंऽ असा आवाज मागे राहतो. तेव्हा मॉडेलर वाढवून पॉवर अ‍ॅम्प उतरवायचा.

ओहम, लोड आणि केबल

इथे घाई करू नका.

ट्यूब अ‍ॅम्प कॅबशिवाय कधीही चालू करू नये. मॉडेलर मिक्सरला दिलाय, ट्यूब हेड नुसतं चालू आहे आणि कॅब काढून ठेवलाय, हे दृश्य धोक्याचं आहे. लोड (आउटपुटला जोडलेला स्पीकर) नसताना सिग्नल गेला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबचं सॉकेट जळतं. हेडवरचा ओहमचा खटका कॅबच्या ओहमशी जुळवूनच लावा.

सॉलिड स्टेटचं उलट आहे. लोड नसला तरी बहुधा काही बिघडत नाही, पण ठरलेल्या किमान ओहमखाली गेलात की संरक्षण सर्किट बंद पाडतं किंवा अ‍ॅम्प जळतो. किमान ४ ओहम लिहिलं असेल, तर ८ ओहमचे दोन कॅब समांतर चालतात, कारण त्यांचे मिळून ४ होतात. तिसरा लावला की २.६७, म्हणजे हद्दीच्या बाहेर. १६ ओहमचा एक कॅब लावणं सुरक्षित आहे, फक्त ताकद घटते. ४ ओहमला मिळणारे वॅट ८ ओहमला साधारण निम्मे आणि १६ ला पाव होतात. ‘१७० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प कमी का वाजतो?’ या तक्रारीमागे अनेकदा १६ ओहमचा कॅब निघतो. रॅकमधला पीए अ‍ॅम्प ब्रिज मोडवर (दोन चॅनेल मिळून एक) वापरणार असाल, तर त्याची किमान मर्यादा वेगळी आणि वरची असते, बहुतेकदा ८ ओहम.

अनेक क्लास डी अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटची दोन्ही टोकं ‘जिवंत’ असतात, त्यातलं एकही ग्राउंड नसतं. दोन चॅनेलचं निगेटिव्ह एकत्र जोडणारी स्विच पेटी तिथे लावू नका. कुठल्याही अ‍ॅम्पचा स्पीकर आउटपुट मिक्सरच्या किंवा मॉडेलरच्या इनपुटात तर अजिबात घालू नका.

आता केबल. गिटारची केबल आणि पाव इंची स्पीकर केबल बाहेरून सारखीच दिसते. प्लगची टोपी फिरवून उघडा. आत मधोमध एक बारीक तार आणि भोवती जाळी दिसली तर ती गिटारची, दोन सारख्या जाड तारा शेजारी शेजारी दिसल्या तर ती स्पीकरची. अ‍ॅम्प ते कॅब यांच्यामध्ये स्पीकर केबलच हवी. काही मीटरसाठी १.५ ते २.५ चौरस मिलिमीटरची तार पुरते. गिटारची केबल तिथे लावली तर बारीक तार तापते, ताकद खाते, आणि ऐन वेळी तुटली तर ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय पडतो. मॉडेलर ते रिटर्न यांच्यामध्ये मात्र जाळीवाली केबल हवी, स्पीकर केबल तिथे लावली की घुं-घुं सुरू. एकदा ओळख पटली की स्पीकर केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

अ‍ॅम्प चालू असताना पाव इंची स्पीकर प्लग काढू-घालू नका. आत सरकताना प्लगचं टोक क्षणभर चुकीच्या पत्र्याला टेकू शकतं आणि तेवढ्यात आउटपुट शॉर्ट होतो. चालू करताना आधी मॉडेलर, शेवटी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प. क्रम चुकला की स्पीकरला ठोसा बसतो.

स्पीकर किती वॅटचा?

नावावर जाऊ नका. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा आहे, ग्रीनबॅक २५ वॅटचा. चार ग्रीनबॅकच्या कॅबला १०० वॅट झेपतात, एकाच ग्रीनबॅकच्या कॅबवर मोठा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण उघडणं म्हणजे कॉइल जाळणं.

घुं-घुं जात नाही

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज थांबला तर तो पिकअपचा. राहिला तर बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली गेली आहेत. यूएसबी, मिक्सरची एक्सएलआर, रिटर्नची केबल अशा एकेक करून काढत जा. जी काढल्यावर शांत होतं, ती लूपची वाट. मॉडेलर आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच वीजपट्टीवरून चालवा, मिक्सरकडच्या एक्सएलआरवर ग्राउंड लिफ्ट दाबा, तरीही राहिलं तर रिटर्नच्या वाटेवर सिग्नल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मॉडेलरमधला नॉइज गेट इथे उपयोगाचा नाही, कारण घुं-घुं त्याच्यापुढे शिरते. आणि प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. दोष निर्माण झाला तर अ‍ॅम्पची बॉडी आणि त्यामार्गे गिटारच्या तारा जिवंत होऊ शकतात, आणि त्या तारा तुमच्या हातात असतात.

स्टिरिओ पॅच, एकच कॅब

डावीकडचा जॅक ‘मोनो’ असा असेल आणि उजवा रिकामा ठेवला, तर बहुतेक मॉडेलर दोन्ही बाजू एकत्र करतात. हे सेटिंगमध्ये तपासा, नाहीतर पिंगपाँग डिलेचे (डावी-उजवीकडे आलटून पालटून येणाऱ्या प्रतिध्वनीचे) अर्धे ठोके गायब होतात. दोन आउटपुट वाय केबलने एकत्र बांधू नका, ते एकमेकांनाच ढकलत बसतात.

पॅच शेवटी, आणि मोठ्या आवाजात

जोडणी पक्की झाल्यावरच पॅचला हात लावा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात कानाला बास आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये म्हणून दोन्ही जास्त भरले जातात, आणि जोरात वाजवल्यावर तोच पॅच घुमतो आणि टोचतो. ज्या आवाजात वाजवणार, त्याच आवाजात तो बसवा. बारा इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. जमिनीवरचा कॅब तुमच्या गुडघ्यांना झळाळी ऐकवतो, तुम्ही ट्रेबल वाढवत राहता आणि समोर बसलेल्यांना ते असह्य होतं. कॅब मागे कलता ठेवा किंवा कानाच्या उंचीला उचला, आणि मग ट्रेबलचा नॉब फिरवा.