लष्करी डॉक्टरच्या चुकीची भरपाई : अमेरिकी सैनिकाने दावा कसा करावा

सरकारी कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल थेट सरकारवर दावा लावण्याची सोय अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने झाली. सैनिकांसाठी ती चारच वर्षांत बंद झाली. १९५० च्या फेरेस निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इजा सेवेच्या ओघात झाली असेल तर सैनिकाला सरकारवर खटला भरता येणार नाही. त्या निकालात तीन प्रकरणे एकत्र होती. त्यातल्या एका सैनिकाच्या पोटातून, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी, ३० इंच लांब आणि १८ इंच रुंद टॉवेल निघाला. टॉवेलवर लष्कराच्या वैद्यकीय विभागाचे नावही छापलेले होते. याहून ढळढळीत पुरावा कुठला असणार? तरीही तो हरला.

हा निकाल आजही कायम आहे. म्हणून आधी आपण त्याच्या कक्षेत येतो का, ते पाहा. सैनिकाच्या पत्नीवर लष्करी रुग्णालयात चुकीचे उपचार झाले, तर तिला फेरेस आड येत नाही. ती १९४६ च्या कायद्याखाली जाऊ शकते. रजेवर असताना महामार्गावर लष्करी ट्रकची धडक बसलेल्या दोघा भावांच्या प्रकरणात न्यायालयाने १९४९ मध्येच दावा मान्य केला होता. मात्र ड्यूटीवर किंवा सरावात जखमी झालेल्याला कोर्ट बंद. त्याच्यासाठी उरतात ते अपंगत्वाचे लाभ.

डिसेंबर २०१९ मध्ये एक खिडकी उघडली, तीही फक्त वैद्यकीय हलगर्जीपणासाठी. दावा कोर्टात नव्हे, आपल्याच दलाच्या दावा कार्यालयात दाखल होतो. चूक संरक्षण खात्याच्या डॉक्टरची किंवा कर्मचाऱ्याची हवी आणि ती खात्याच्या कायमस्वरूपी रुग्णालयात किंवा दवाखान्यात झालेली हवी. युद्धभूमीवरचे तात्पुरते उपचार केंद्र यात बसत नाही. बाहेरच्या खासगी डॉक्टरची चूक असेल तर हा मार्ग नाही, त्याच्यावर नेहमीसारखा दिवाणी दावा लावावा.

मुदत दोन वर्षांची. ती चूक घडल्यापासून, किंवा इजा आणि तिचे संभाव्य कारण लक्षात आल्यापासून (लक्षात यायला हवे होते तेव्हापासूनही) मोजतात. यांतली नंतरची तारीख धरली जाते. इथे अनेकांचा घोळ होतो. ‘डॉक्टर म्हणाले थांबा, म्हणून थांबलो’ हे कारण चालेल असे गृहीत धरू नका.

पहिले काम म्हणजे स्वतःची संपूर्ण वैद्यकीय फाइल मागवणे : नोंदी, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे. खटल्यात दोन्ही बाजू एकमेकांकडून कागद काढून घेतात, तशी प्रक्रिया इथे नाही. रुग्णालयाची अंतर्गत गुणवत्ता-चौकशीही गोपनीय राहते. म्हणजे तुमच्या हाती तुमचीच फाइल.

दुसरे काम स्वतंत्र वैद्यकीय मत. चूक सामान्य माणसालाही उघड दिसणारी नसेल, तर प्रतिज्ञापत्र जोडावे लागते : आपण आरोग्य व्यावसायिकाचा सल्ला घेतला आणि उपचार अपेक्षित दर्जाचे नव्हते, त्यानेच इजा झाली असे त्याचे मत आहे. विसरलेला टॉवेल उघड चूक. चुकलेले निदान तसे नाही.

मग लेखी, सही केलेला दावा : काय घडले, कोणाची चूक, कोणती इजा, आणि नेमकी रक्कम डॉलरमध्ये. ‘योग्य ती भरपाई मिळावी’ असे मोघम लिहून भागत नाही. बुडालेले उत्पन्न आणि पुढचा खर्च एका हिशेबात, वेदना व त्रास दुसऱ्या हिशेबात मांडा. कारण सरकारकडून मिळणारे अपंगत्वाचे लाभ भरपाईतून वळते होतात, आणि २०२४ च्या नियमबदलानंतर ते फक्त आर्थिक नुकसानीतून कापले जातात. पूर्वी ते एकूण रकमेतून जात. तो अन्याय होता, असे आमचे मत. वेदनेच्या भरपाईलाही कमाल मर्यादा आहे.

वकील घ्यावाच. त्याची फी मिळालेल्या रकमेच्या २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे लहान रकमेचा दावा कोणी पटकन हाती घेत नाही, हेही खरे.

प्राथमिक निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत संरक्षण खात्याच्या अपील मंडळाकडे जाता येते. मंडळ कागदांवरच निर्णय देते, सुनावणी होत नाही. त्यामुळे भक्कम कागद पहिल्याच दाव्याला जोडा. मंडळाने नाही म्हटले, तर त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही.