पाइप कापायच्या आधी

घरच्या घरी कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा पोचवणारा पाइप आणि फिल्टर, बनवायचं डोक्यात आलं की हात आधी करवतीकडे जातो. तो आवरा आणि वही-पेन घ्या. कापाकापी एका दुपारची असते, तिच्या आधीची मोजामोजी आठवडा खाते, आणि पुढे जे काही बिनसतं त्याचं मूळ बहुतेक वेळा याच आठवड्यात सापडतं.

सगळ्यात आधी बोनेट उघडून कंपनीच्या एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, तोंड कुठे उघडतं ते हाताने चाचपून बघा. हल्लीच्या बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये ते ग्रिलच्या मागे किंवा फेंडरच्या आत असतं, म्हणजे बाहेरची गार हवा तिथे आधीच येते. तुमच्या गाडीत तसं असेल तर पदरात फार काही पडणार नाही हे आत्ताच मनाशी मान्य करून टाका. जुन्या गाड्यांत वाव जास्त, पण तिथेही अडचण नेमकी कुठे आहे ते बघावं लागतं. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ च्या १.६ लिटर इंजिनाला हवा मोजण्यासाठी झडपेचा मीटर होता. आत येणाऱ्या हवेला स्प्रिंगवरची झडप ढकलत जावं लागायचं. अशा गाडीला मीटरच्या पुढे कितीही देखणा पाइप जोडला तरी झडप जागच्या जागी राहते. आणि आवाजासाठी करत असाल तर तसं सरळ सांगा. एअरबॉक्स आणि त्याला जोडलेला रेझोनेटर, म्हणजे आवाज दाबणारी पोकळ डबी, काढला की इंजिनाची घरघर खुलते, आणि आपल्यातले निम्मे लोक त्यासाठीच या फंदात पडतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता आकडे. ओबीडी रीडर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून आहे त्या स्थितीतली नोंद करून ठेवा: बाहेरचं तापमान, इनटेकच्या हवेचं तापमान, आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोलमध्ये किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, लघु आणि दीर्घ दोन्ही. नोंद चालत्या गाडीत घ्यायची. उभ्या गाडीत इंजिनाची धग सगळीकडे मुरते आणि आकडा फुगतो. वेगात असताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंशांनीच गरम दिसत असेल, तर तुमचा एअरबॉक्स त्याचं काम चोख करतोय. तीस-पस्तीस अंशांचा फरक दिसला तर मात्र काम करण्यासारखं आहे. २५ अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे दहा टक्क्यांनी घटते, आणि तेवढा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये कमी पोचतो. या साऱ्या खटाटोपाचं गणित एवढ्यावर उभं आहे.

दुसरं माप कोणी घेत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, तिच्यात रंगीत पाणी भरा, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडा आणि दुसरं मोकळं सोडा. बंद ट्रॅकवर, शेजारी कोणाला तरी नळी वाचायला बसवून, पूर्ण थ्रॉटल द्या, म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १० सेंटीमीटर फरक पडला तर इनटेकमधला अडथळा साधारण १ किलोपास्कलचा आहे, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या एक टक्का. नळी चांगली उंच घ्या आणि ती निम्म्यापेक्षा कमी भरा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. मग तेच टोक फिल्टरच्या आधी जोडून पुन्हा मोजा. अडथळा फिल्टरचा आहे की एअरबॉक्सच्या तोंडाचा ते लगेच कळतं. कित्येकदा तोंडाचाच निघतो, आणि मग नवा इनटेक बनवण्याऐवजी ते तोंड मोठं करून भागतं.

एवढं करूनही बनवायचंच ठरलं, तर पाइपचा व्यास काढा. २ लिटरचं इंजिन ७००० आरपीएमवर मिनिटाला जास्तीत जास्त ७००० लिटर हवा ओढेल, कारण फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सेकंदाला सुमारे १०५ लिटर होतात. ही हवा ६३ मिलिमीटर आतल्या व्यासातून जाताना सेकंदाला ३४ मीटर वेगाने धावते, ७० मिलिमीटरमधून २७ आणि ७६ मिलिमीटरमधून २३. व्यास वाढवत नेला तर फायदा झपाट्याने आटतो. पाइप थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या नळकांड्याच्या) तोंडाएवढा किंवा त्याहून जरासा मोठा पुरतो; १०० मिलिमीटरचा जाडजूड पाइप फोटोत छान दिसतो, बाकी काही नाही. व्यास वर्नियर कॅलिपरने मोजा आणि आतला मोजा. दुकानात पाइपवर लिहिलेला आकडा बाहेरचा असू शकतो.

पण हे सगळं एका गोष्टीपुढे मागे राहतं, आणि ती म्हणजे एअरफ्लो सेन्सर. तुमच्या गाडीत मॅफ सेन्सर आहे की मॅप, हे माहीत झाल्याशिवाय एकही वस्तू विकत आणू नका. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, त्यामुळे पुढच्या पाइपच्या व्यासाशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. मॅफचं तसं नाही. त्याची तापलेली तार स्वतःजवळून जाणाऱ्या हवेच्या माऱ्यावरून एकूण हवेचा अंदाज बांधते, आणि तो अंदाज कंपनीने दिलेल्या व्यासाच्या हिशेबाने असतो. हाच सेन्सर ७० ऐवजी ७६ मिलिमीटरच्या पाइपात बसवला की क्षेत्रफळ १८ टक्के वाढतं, हवा तेवढी संथ होते आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा सांगतो. ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल कमी सोडतो. पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण वजनाने १४.७ ला १. ते बिघडून मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र बऱ्याच गाड्या त्या सेन्सरकडे बघत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच लीन मिश्रण इंजिनाला ठोके द्यायला लावतं. मापात पाप झालं की पिस्टन फेडतो.

म्हणून मॅफ ज्या नळकांड्यात बसतो ते कंपनीचंच वापरा, किंवा आतून तंतोतंत त्याच व्यासाचं मिळवा. त्याच्यातली जाळी काढू नका. ती हवेचे भोवरे मोडण्यासाठी असते. सेन्सरच्या आधी जमेल तितका सरळ पाइप ठेवा, बेंडला लागून तो कधीच बसवू नका. त्याच्यावरच्या बाणाची दिशा आधीच मार्करने पाइपवर उतरवून घ्या, उलटा बसवणारे कमी नाहीत. इनटेकच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर काही गाड्यांत मॅफच्याच पोटात असतो, काहींत वेगळा. वेगळा असेल तर त्याच्या रबरी ग्रोमेटच्या मापाचं भोक पाइपला आधी पाडून ठेवायला हवं. हा सेन्सर लोंबकळत राहिला तर तो बोनेटखालची गरम हवा मोजेल आणि ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढेल. इतका घाम गाळून ताकद कमीच व्हायची.

पाइपला मिळणाऱ्या बारीकसारीक नळ्या मोजून फोटो काढा: क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी), काही गाड्यांत आयडल एअरची नळी, टर्बो असेल तर बायपास व्हॉल्व्हची परतीची नळी. या सगळ्या मॅफ आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मध्येच जोडायच्या, टर्बो असेल तर मॅफ आणि टर्बो यांच्या मध्ये. ब्रीदर उघडा सोडून त्याच्या तोंडाला छोटा फिल्टर खोवायची टूम आहे. मॅफवाल्या गाडीत त्या वाटेने न मोजलेली हवा आत घुसते, आणि तेलाचा वास फुकट.

पाइप कशाचा घ्यायचा? नळकामाचा पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हाताशी असतो, पण तो साधारण ६० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतो आणि ८० च्या आसपास मऊ पडतो. इंजिनाशेजारी, गाडी उभी असताना, हे आकडे सहज गाठले जातात. तात्पुरता लावून जागा बघायला, सांगाडा जुळवायला तो उत्तम, कायमचा नको. ॲल्युमिनियम घ्या, बेंड मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेले, म्हणजे वळणावर पाइप चेपत नाही. धातू तापून हवा गरम करील ही भीती थोडी अतिरंजित आहे: ६० सेंटीमीटरचा पाइप २३ मीटर वेगाची हवा सेकंदाच्या तीन शतांश भागाच्या आत पार करते, तेवढ्यात ती काय तापणार. जोडायला सिलिकॉनचे कप्लर (लवचिक जोडनळ्या), थ्रॉटल बॉडीजवळचा मध्ये फुगीर, कारण इंजिन आपल्या माउंटवर डुलतं आणि पाइप गाडीच्या बॉडीला बांधलेला असतो. पाइपच्या टोकाला उंचवट्याची कड काढून घ्या, नाहीतर होज क्लिप कितीही आवळली तरी कप्लर सटकतो.

फिल्टरची जागा ठरवताना दोन टोकं टाळायची. बोनेटखाली उघडा कोन फिल्टर म्हणजे आगीतून फुफाट्यात. तो रेडिएटरमागची गरम हवा पितो. तो पत्र्याच्या आडोशात बंद करा, पत्र्याच्या वरच्या कडेला रबरी पट्टी लावा, ती बोनेटला टेकली पाहिजे, आणि त्या कप्प्यात बाहेरून हवा येईल अशी वाट काढा. दुसरं टोक म्हणजे फिल्टर थेट बंपरच्या तळाशी नेणं. हवा खूप गार मिळते, पण साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि फिल्टर बुडाला की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसात गाडी काढणार असाल तर फिल्टर उंचावरच ठेवा, दोन-चार अंश गेले तरी चालतील. तेल लावलेला कापसाचा फिल्टर घेतलात तर तेल बेताने. जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर चिकटतं. ती तार धुवायला फक्त मॅफ क्लीनर, ब्रेक क्लीनर नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. करवत, कानस, ड्रिल आणि होल-सॉ, पॉलिश पेपर, सॉकेटचा संच, जाड पुठ्ठा. आडोशाचा साचा आधी पुठ्ठ्यात कापा. पुठ्ठा चुकला तर नुसतं हसं होतं, पत्रा चुकला तर नवा आणावा लागतो. मातीचा गोळाही जवळ ठेवा, मुलांच्या खेळण्यातला चालतो. पाइपच्या सगळ्यात उंच जागी तो चिकटवून बोनेट हळूच बंद करायचं आणि उघडून बघायचं. चपटा होऊन गोळ्याची जाडी दोन सेंटीमीटरपेक्षा कमी तर उरली नाही ना? मी माझ्या पहिल्या पाइपच्या वेळी ही पायरी गाळली होती. बोनेटला आतून पडलेली खळी अजून आहे. तसंच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही, पट्टा आणि पंखा मोकळे आहेत, हेही बघा.

सुटी असेल त्या दिवसाच्या सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मगच सुरुवात करा. थ्रॉटल बॉडीचं तोंड स्वच्छ फडक्याने बंद करा, आणि फडकं लाल किंवा पिवळं घ्या म्हणजे ते विसरून गाडी सुरू होणार नाही. कापलेल्या पाइपच्या आतल्या कडा कानसून घ्या, मग साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून, बोट फिरवून बघा. फिल्टरच्या पुढे राहिलेला धातूचा कण सरळ सिलिंडरमध्ये जातो, त्याला अडवायला वाटेत काही नाही. भोकं पाडायची ती सगळी पाइप गाडीबाहेर असताना.

आणि कंपनीचा एअरबॉक्स कापू नका. नियम, वॉरंटी, प्रदूषण तपासणी, गाडी विकणं, यांपैकी कुठल्याही वेळी तो अख्खा लागू शकतो. तुमच्या भागात असा बदल चालतो का तेही आधीच विचारून घ्या. क्लिपा, स्क्रू, रबरं एका पिशवीत घालून ती त्याच डब्याला बांधा आणि माळ्यावर ठेवा.

बसवल्यावर रीडर पुन्हा लावा. दीर्घ फ्युएल ट्रिम पूर्वीच्या आकड्यापासून चार-पाच टक्क्यांपलीकडे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मॅफचं माप चुकलंय. पी०१७१ कोड आला तर तो लीन मिश्रणाचाच. अशा वेळी पूर्ण थ्रॉटल द्यायचा मोह आवरा. शंभरेक किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा एकदा आवळा. मग तशाच हवेच्या दिवशी, त्याच रस्त्यावर, त्याच वेगात तापमानाची नोंद घ्या. आकडा जुन्या नोंदीपेक्षा वर निघाला, तर शिडी आणून माळ्यावरचा डबा खाली काढा.