घोडा शिकवताना या चुका टाळा : लगाम ओढताय ठीक, पण सोडताय कधी?

सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेने मारवाडी वछेरा, म्हणजे कोवळा घोडा, आणतात आणि महिनाभरात एकतर तो गूळ खाऊन खाऊन डोक्यावर बसलेला असतो नाहीतर तोंडात काटेरी लगाम असतो. दोन्ही बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लगाम ओढून धरून ठेवणं. अहो, घोडा शिकतो ते हात सैल पडतो तेव्हा. थांबवायचंय ना, मग आधी आवाज द्या, बसक जड करा, म्हणजे खोगिरावर वजन देऊन बसा, मग बोटांनी हळूहळू दाब वाढवा आणि पाय थांबले की त्याच क्षणी सैल सोडा. थांबल्यावरही ओढतच राहिलात तर त्याला कळतं की थांबून काही फायदा नाही, मग तो लगामावर रेलायला लागतो आणि आपण म्हणतो तोंडाचा कडक आहे, काटेरी घाला. लगामाची तोंडातली कडी बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर, तिथे पातळ कातडीखाली लगेच हाड आहे हो! काटेरी लगामाला जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे तरी सर्रास विकतात.

चावतो? हातातून गूळ बंद, चंदीबरोबर, म्हणजे रोजच्या दाण्याबरोबर, टोपल्यात द्या. अंगावर आला की लगेच एकदाच ठाम "ए!" आणि मोहरकी (तोंडावरची दोरी) धरून त्याला दोन पावलं मागे सारा, झालं, लगेच शांत व्हा. थोड्या वेळाने जाऊन मारलंत तर कशाबद्दल मारलं ते त्याला कळतच नाही. आणि मालक लाड करतो, मोतद्दार (घोडा सांभाळणारा) फटके देतो असं नको, नियम सगळ्यांचा एकच.

अडला की खाली उतरून तबेल्यात नेणं हा लाड पण महागात पडतो, अडलं की सुट्टी हे तो फार पटकन शिकतो. निदान एक पाऊल पुढे टाकू द्या, शाबासकी द्या, मग उतरा.

मागच्या पायांवर उभा राहिला तर लगाम अजिबात ओढू नका, उलटा अंगावर पडेल. पुढे झुका, हात सैल, पाय टेकले की पुढे चालवा.

चांगला चालणारा घोडा अचानक बिघडला तर शिस्त नंतर, आधी दाढा, पाठ, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आणि खोगीर तपासा. दाढांना धार आली असेल तर डॉक्टरकडून घासून घ्या.