नुकत्याच बघितलेल्या पिक्चरांबद्दल चार ओळी कशा लिहायच्या

पिक्चर बघून झाला की त्याबद्दल बोलायची खाज सगळ्यांनाच असते, पण लिहायला बसलं की हमखास दोनपैकी एक होतं, एकतर अख्खी स्टोरी उतरवून काढली जाते नाहीतर 'मस्त आहे, नक्की बघा' एवढ्यावर भागवलं जातं. दोन्हीचा उपयोग शून्य. वाचणारा काही तुमच्याकडे समीक्षा वाचायला आलेला नसतो हो, त्याला एवढंच ठरवायचं असतं की आज जेवणं आटोपल्यावर हा लावू का नको आणि लावला तर आई-बाबा बाजूला बसलेले चालतील का. त्याला ते ठरवता आलं पाहिजे, बाकी तुमची आवड-निवड, राग-लोभ सगळं त्याच्या आजूबाजूला येऊ दे.

म्हणून पहिलं काम, पिक्चर कुठे आणि कोणाबरोबर बघितला ते लिहून टाका. हे लोक लिहीतच नाहीत आणि निम्मं मत त्यातच असतं. 'तुंबाड' हा भयपट घ्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा थिएटरात फार कोणी फिरकलं नव्हतं, नंतर लोकांनी घरी बसून बघितला, एकमेकांना सांगितला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला परत लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मी मोठ्या पडद्यावर बघितला तेव्हा मला जाणवलं की त्यातला पाऊस हेच अर्धं पात्र आहे, तो वाडा, ती ओल, ते विहिरीतलं खाली उतरणं, हे सगळं लॅपटॉपवर दिवसाउजेडी पडदे उघडे ठेवून बघितलं तर नुसता काळा आयत दिसणारे. मग माझी ओळ अशी होते: अंधार करून, मोठ्यात मोठ्या स्क्रीनवर, हेडफोन लावून बघा, आणि घरात लहान पोरं असतील तर ती झोपल्यावर, कारण त्यातल्या भयानक म्हातारीचे सीन बघून पोरं रात्री बाथरूमला एकटी जाणार नाहीत (मोठ्यांचंही सांगता येत नाही).

'बाईपण भारी देवा' याच्या बरोब्बर उलट. २०२३ च्या जूनअखेरीला आला आणि बायका ग्रुपच्या ग्रुप करून, नटूनथटून थिएटरात गेल्या. सहा बहिणी, प्रत्येकीचं काहीतरी दुखणं आणि मंगळागौरीची स्पर्धा. हा मावश्या, काकवा, शेजारणी अशा गँगसोबत बघितला तर टाळ्या, हुंदके, 'अगं ही तर आपली अमकीच' असं चालू राहतं आणि मजा येते. एकटीने घरी बघितला तर मात्र सगळ्यांचे प्रॉब्लेम शेवटी कसे पटापट मार्गी लागतात ते टोचत राहतं. यातलं कुठलं मत खरं? दोन्ही खरी, म्हणूनच तर कुठे बघितला ते सांगायचं.

आता कधी लिहायचं, तर त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी नको. आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणाचंही वाचायचं नाही, रेटिंग बघायचं नाही, यूट्यूबवर 'एंडिंग एक्स्प्लेन्ड' तर अजिबात नाही, कारण एकदा वाचलं की आपल्याला नक्की काय वाटलं होतं आणि काय वाचून वाटायला लागलं यातला फरक आपल्यालाच कळत नाही. फोनच्या नोट्समध्ये तीन गोष्टी टाकून ठेवायच्या: कुठला सीन डोक्यात राहिला, फोनकडे हात कधी गेला, आणि संपल्यावर बाजूच्याला पहिलं वाक्य काय बोललात. ते तिसरं फार कामाचं असतं. सोफ्यावरून उठता उठता जे तोंडातून निघतं तेच बहुतेकदा खरं मत असतं, त्याला नंतर नीट कपडे घालायला गेलो की ते पेपरातल्या परीक्षणासारखं दिसायला लागतं.

यावरून आठवलं, काही शब्द सरळ बंद करून टाका. 'अभिनय दमदार', 'संगीत श्रवणीय', 'छायाचित्रण नेत्रसुखद', 'दिग्दर्शकाची पकड'. हे कुठल्याही पिक्चरला चिकटतं म्हणजे कुठल्याच पिक्चरबद्दल काही सांगत नाही. असं काही लिहावंसं वाटलं की लगेच स्वतःला विचारायचं, कुठे? कुठल्या सीनमध्ये? 'कोर्ट' नावाच्या पिक्चरमध्ये गीतांजली कुलकर्णीने सरकारी वकिलाचं काम भारी केलंय हे मला लिहायचंय, मग मी लिहीन की कोर्टात एकसुरी आवाजात कायद्याची कलमं वाचून दाखवणारी ही बाई पुढे लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर मराठी नाटक बघायला जाते आणि आपल्याला तिचा राग पण धड येईनासा होतो, कारण अशी बाई आपण रोज बघतो. बास, 'दमदार' लिहायची गरजच उरली नाही. तसंच त्यातले ते न्यायाधीश, एका बाईने बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून तिची केस पुढे ढकलतात. हा एक सीन सांगितला की पिक्चरचा सगळा तिरकस स्वभाव कळतो, आणि स्टोरीही फुटत नाही.

स्टोरी फुटण्याचं म्हणाल तर सगळ्या पिक्चरांना एकच नियम लावू नका. 'कोर्ट'ची गोष्ट पूर्ण सांगितली तरी काही बिघडत नाही, एका लोकशाहिरावर केस होते की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, आणि ती केस चालत राहते, चालत राहते. हे माहीत असूनही बघायला तितकंच लागतं. उलट परेश मोकाशींचा 'वाळवी', तिथे तोंडाला कुलूप. नवरा आणि त्याची मैत्रीण बायकोचा काटा काढायचा प्लॅन करतात, हे एवढंच सांगायचं, यापुढचं एक अक्षर सांगाल तर समोरच्याचे पावणेदोन तास फुकट घालवाल. 'शेवट बघून उडालो' असंसुद्धा लिहू नका राव, वाचणारा मग पहिल्या मिनिटापासून शेवटच ओळखत बसतो. मी फक्त लिहिलं असतं की नाव 'वाळवी' का आहे ते शेवटपर्यंत थांबून बघा. अंऽ, हे पण जरा जास्तच होतंय.

आणि मधली एक जात असते, खऱ्या घटनेवरचे पिक्चर. 'मंजुम्मेल बॉईज' म्हणजे कोचीजवळच्या मंजुम्मेलची पोरं २००६ साली कोडाईकनालला फिरायला जातात आणि तिथल्या गुणा केव्हमध्ये त्यांच्यातला एक खाली खड्ड्यात पडतो. पुढे काय होतं ते कोणीही दोन मिनिटात शोधू शकतो, पण म्हणून आपण कशाला सांगायचं? माहीत नसताना बघण्याचा हक्क वाचणाऱ्याकडे राहू द्या. त्यापेक्षा हे सांगा की १९९१ च्या 'गुणा' या तमिळ पिक्चरचं गाणं (गुहेचं नाव त्यावरूनच पडलंय), संगीतकार इळयराजांचं 'कण्मणी', ते जर आधी एकदा ऐकून गेलात तर जिथे ते वाजतं तिथे डबल मजा येते. हा खरा उपयोगाचा सल्ला. आणि भाषेचंही लिहा, मूळ भाषेत ही पोरं मल्याळम बोलतात आणि तिथले लोक तमिळ, मदत मागताना त्या दोन भाषांची जी ओढाताण होते ती सबटायटल वाचत का होईना पण ऐकावीच. तुम्ही डब केलेला बघितला असेल तर तसं सांगून टाका, त्यात कमीपणा नाही.

'स्लो आहे'. या दोन शब्दांवर माझा फार राग आहे त्यामुळे जरा लांबण लागेल. स्लो म्हणजे काय? 'मंजुम्मेल'चा पहिला अर्धा तास मला स्लो वाटला, पोरांची मस्ती, दारू, रस्सीखेच, गाडी, परत मस्ती, फोनकडे हात गेला माझा. पण ती रस्सीखेच उगाच नव्हती हे नंतर कळतं. 'परफेक्ट डेज' तर पूर्णच स्लो, टोकियोत सार्वजनिक टॉयलेट साफ करणारा एक माणूस, हिरायामा, सकाळी उठतो, अंथरूण आवरतो, रोपांना पाणी घालतो, मशीनमधून कॉफीचा कॅन काढतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो, कामाला जातो, दुपारी झाडांमधून येणाऱ्या उजेडाचा फोटो काढतो, आणि उद्या परत हेच. बोलतो तर इतकं कमी की सुरुवातीला वाटलं मुका आहे का काय. पण इथे माझा हात फोनकडे गेलाच नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या सकाळी आपणच बघायला लागतो की आज काय वेगळं झालं. कोजी याकुशोला या कामासाठी २०२३ ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट ॲक्टर मिळालंय आणि ते का ते शेवटच्या सीनमध्ये कळतं. आणि 'कोर्ट'? तिथे कॅमेरा लांब ठेवून दिलाय आणि हलतच नाही, ते मुद्दाम आहे, कारण कोर्टात बसून राहणं हे असंच असतं.

म्हणजे तीन पिक्चर, तिन्ही 'स्लो', आणि तिन्हीची कारणं वेगळी. म्हणून लिहिताना 'स्लो' लिहायचंच असेल तर कुठे स्लो आणि कितपत ते लिहा. 'पहिला अर्धा तास धीर धरा, गुहेत शिरले की मग उठता येत नाही' हे मत झालं. 'दिवसभर ऑफिसात डोकं पिकलं असेल तर आज नको, रविवारी दुपारी लावा' हे पण मत झालं. आणि तुम्ही अर्ध्यात सोडला असेल तर 'अर्धा बघितला, झोप आली' हे लिहा की बिनधास्त, फक्त मग शेवटाबद्दल मत देऊ नका.

स्टार द्यायची भानगड मी करत नाही. 'तुंबाड'ला चार आणि 'बाईपण'ला तीन दिले म्हणजे काय सांगितलं मी? एक पुरणपोळी आणि एक तांबडा रस्सा, त्यांना एकाच तराजूत कसं टाकणार. त्याऐवजी मी लिहिते 'परत बघेन का'. 'वाळवी' परत बघेन पण तो माहीत नसलेल्या माणसाला शेजारी बसवून, त्याचं तोंड बघायला. 'कोर्ट' परत बघेन, अजून काही वर्षांनी. 'बाईपण' टीव्हीवर लागला तर भाजी निवडत बघेन. यातून वाचणाऱ्याला स्टारपेक्षा जास्त कळतं.

सगळे पिक्चर एकत्र टाकताना बेस्टपासून फालतूपर्यंत अशी उतरंड लावू नका, बोअर होतं आणि लोक वरचे दोन वाचून पळतात. काहीतरी धागा सापडतो का बघा. मला मध्ये छाया कदम सापडली. 'फँड्री'मध्ये ती जब्याची आई, 'सैराट'मध्ये हैदराबादची सुमन अक्का, 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर चहा-नाश्त्याची गाडी चालवणारी, तोंडाने फटकळ मंजू माई, आणि पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, जिच्याकडे घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला काढायला बघतोय आणि शेवटी ती रत्नागिरीकडे गावी जाते. या शेवटच्या पिक्चरला २०२४ ला कान फेस्टिव्हलचं ग्राँ प्री (तिथलं दुसऱ्या नंबरचं बक्षीस) मिळालं, पण मला विचाराल तर पार्वती बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारते तो सीन त्या बक्षिसापेक्षा मोठा आहे. असं एका नटीच्या मागे मागे गेलं की चार पिक्चरांवर चार-चार ओळी आपोआप होतात आणि वाचणाऱ्यालाही वाटतं, अरे ही तीच का! हो, तीच.

आवडला नाही तर? लिहा, लिहायलाच पाहिजे, सगळंच आवडणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण पिक्चरवर लिहा, बघणाऱ्यांवर नको. 'ज्यांना हा आवडतो त्यांची कीव येते' टाइपचं लिहिलं की संपलं, पिक्चर राहतो बाजूला आणि खाली नुसती हाणामारी. शिवाय ज्या पिक्चरला जे करायचंच नव्हतं ते केलं नाही म्हणून शिव्या देऊ नका. 'परफेक्ट डेज'मध्ये ट्विस्ट नाही, हो नाहीये, असणारच नव्हता.

आता हे सगळं जुळवून एक नमुना देते, 'भ्रमयुगम'चा, कारण तो मी अगदी आत्ता बघितलाय:

'भ्रमयुगम, मल्याळम, २०२४ चा, पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. एकटीने, रात्री, सबटायटल लावून बघितला. जंगलात वाट चुकलेला एक गाणारा माणूस एका पडक्या वाड्यात येऊन पडतो, तिथे मालक मम्मुटी आणि एक स्वयंपाकी, एवढीच माणसं. मम्मुटी हसतो तेव्हा जास्त भीती वाटते. सोंगट्यांचा खेळ मांडतो आणि पणाला पैसे नाही, माणसाचा वेळ लावतो, तिथे मी सरळ होऊन बसले. मध्ये थोडा वेळ गोल गोल फिरतो असं वाटलं. दचकवणारं भूत हवं असेल तर हा नको, अंगावर हळूहळू चढणारा हवा असेल तर हाच. घरच्यांबरोबर चालेल, पण मध्ये मध्ये 'आता काय झालं' विचारणारं कोणी नको. परत बघेन, थिएटरात लागला तर.'

एवढंच. यात चूक-बरोबर काही नाही, तुम्ही मध्ये 'गोल गोल फिरतो' वाचून भांडायला येऊ शकता, यावंच.

राहिलं एक, कुठल्या ॲपवर आहे ते लिहायचं असेल तर लिहायच्या आधी एकदा उघडून बघा, हे पिक्चर आज इथे उद्या तिथे उड्या मारत असतात आणि मग खाली पंधरा जण 'दिसत नाहीये' म्हणून येतात. आणि टेलिग्रामची लिंक मागणारा एक जण येतोच येतो, त्याला उत्तर द्यायचं नाही.