कॅसची फाइल परत का येते? प्राध्यापकांनो, या चुका टाळा

कॅस म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, प्राध्यापकांच्या बढतीची योजना. पीएच.डी. झालेल्या सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ साठी ४ वर्षं लागतात, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६. तेवढी वर्षं भरतात, तरी फाइल त्रुटी लागून परत येते. बहुतेक वेळा काम कमी पडलेलं नसतं, कागदांवरच्या तारखा जुळत नसतात.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमावलीत कोर्सची अट मूल्यांकन कालावधीशी, म्हणजे बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या वर्षांशी, बांधलेली आहे. महाविद्यालयीन शिक्षकाला लेव्हल ११ साठी २१ दिवसांचं ओरिएंटेशन लागतं. शिवाय किमान दोन आठवड्यांचा रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स, नाहीतर ई-प्रमाणपत्रासह आपल्या विषयाचा एक मूक (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स. गडबड होते ती इथेच. ड्यू डेट (बढतीला पात्र होण्याची तारीख) जूनमधली आणि रिफ्रेशर संपतो नोव्हेंबरात. मग अट ज्या दिवशी पूर्ण झाली त्या दिवसापासून बढती मिळते, आणि पुढच्या लेव्हल १२ ची ५ वर्षंही तिथूनच मोजली जातात. पाच महिन्यांची ढिलाई नोकरीभर पाठ सोडत नाही.

उलटी चूकही होते. लेव्हल १० मध्ये हौसेने दोन रिफ्रेशर केले, म्हणून त्यातला एक पुढच्या टप्प्याला वापरू असं अनेकजण धरून चालतात. तो चालत नाही. लेव्हल १२ साठी लागणारे दोन कोर्स लेव्हल ११ च्याच काळातले हवेत. ड्यू डेटच्या दीड-दोन वर्षं आधीच हे कोर्स घेणाऱ्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांचं (पूर्वीची एचआरडीसी) वेळापत्रक बघून नाव नोंदवा. शेवटच्या सहामाहीत आपल्या विषयाची बॅच मिळेलच असं नाही. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर नुसते व्हिडिओ पाहून, असाइनमेंट भरून भागत नाही, अंतिम परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्रच जोडा.

वार्षिक अहवालातली टक्केवारी

नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या आत ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा हा काळ या हिशेबातून वगळायचा असतो. तो न वगळल्याने कित्येक शिक्षिकांचं वर्ष विनाकारण वाया जातं. समजा, वर्षाचे ४८० तास, त्यातले २४० रजेच्या काळातले आणि घेतलेले २१६. सरळ भागाकार केला तर ४५ टक्के येतात. रजा वगळली की २४० पैकी २१६, म्हणजे ९० टक्के. रजेचा मंजुरी आदेश त्याच वर्षीच्या अहवालाला जोडा.

इतर कामांत ‘चांगले’ मिळायला किमान तीन उपक्रम लागतात. परीक्षेचं काम, समिती, एनएसएस वगैरे. आभारपत्रावर विसंबू नका, प्राचार्यांच्या सहीचा, जावक क्रमांक असलेला नेमणूक आदेश त्याच वर्षी मागून घ्या. प्राचार्य बदलले की जुन्या तारखेचा कागद कोणी देत नाही, आणि देऊही नये.

संशोधन गुण

सहयोगी प्राध्यापकावरून प्राध्यापक (लेव्हल १४) होताना पीएच.डी., १० शोधनिबंध (त्यांतले ३ मूल्यांकन कालावधीतले) आणि ११० गुण लागतात. बेरीज चुकते ती सहलेखकांमुळे. कला, वाणिज्य शाखेत एका निबंधाचे मूळ गुण १०. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७. तीन असतील तर मुख्य लेखकाला ७ आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३, पूर्ण १० कोणालाच नाहीत. परिषदांतली सादरीकरणं आणि व्याख्यानं कितीही असली तरी एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपुरतीच धरतात, आणि एकूण गुण संशोधनकामाच्या किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. सादर केलेला निबंध प्रोसीडिंगमध्ये छापला असेल तर दावा एकदाच.

यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली. जुन्या निबंधांसाठी प्रकाशनाच्या वेळी नियतकालिक यादीत असल्याचा तारखेसह स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा. आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) तोच, नाव तेच, पण संकेतस्थळ बनावट, अशी क्लोन नियतकालिकं अजूनही पैसे घेऊन छापतात. पैसे भरण्याआधी संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या संस्थेच्या ईमेलवर विचारून घ्या.

अर्ज ड्यू डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत द्या आणि पोच घ्या. ‘बघू, निघाली तर निघाली’ म्हणून अर्धवट फाइल समितीपुढे मात्र नेऊ नका. समितीने नाकारलं तर पुढचं मूल्यांकन वर्षभराने होतं.