झीज की कच्ची छाप? नाणी पारखायला शिकताना

नाण्यांचं ग्रेडिंग, म्हणजे झीज बघून दर्जा ठरवणं, शिकायचंय म्हणून जी मुलं माझ्याकडे येतात, ती सत्तरचा तक्ता पाठ करूनच आलेली असतात. तक्त्यात खोट नाही. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली आणि आज पीसीजीएस, एनजीसी या कंपन्या जगभरची नाणी त्याच मापाने मोजून प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. व्हीएफ (बेताचं झिजलेलं) २० ते ३५, एक्सएफ (थोडंसं झिजलेलं) ४० आणि ४५, एयू (जवळजवळ न फिरलेलं) ५० ते ५८, आणि ६० पासून पुढे एमएस, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. हे अर्ध्या तासात पाठ होतं. पण राजाचा गाल सपाट दिसतोय तो हातोहाती फिरून झिजला, की टांकसाळीतून निघतानाच तसा होता, हे तक्ता सांगत नाही. आणि माझ्या मते ग्रेडिंगमधले निम्मे वाद इथेच सुरू होतात.

मी शिकले शिल्पकला, इथेच, बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये. म्हणून असेल, पण मी नवख्यांना आधी नाणं पाडतात कसं ते समजून घ्यायला लावते. पत्र्यातून चकत्या कापतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, कडा थोडी उचलून घेतात, आणि मग वरचा ठसा, खालचा ठसा आणि भोवतालची कडी यांच्यामध्ये चकती प्रचंड दाबाने चेपली जाते. धातू तेवढ्यापुरता अक्षरशः वाहतो. ठशाचा जो भाग सर्वांत खोल, तिथे तो सर्वांत शेवटी पोचतो; आणि ठशातला खोल भाग म्हणजे नाण्यावरचा उंच भाग. त्यात मागच्या बाजूला नेमकं त्याच जागी दुसरं उंच चित्र असलं, तर धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि गाल, कान, मुकुटाची कड अर्धवट राहते. झीजसुद्धा सुरू होते ती याच उंच जागांपासून. म्हणून तर घोळ.

ओळखायचं कसं? खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा ठेवा, नाणं कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. न फिरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे फिरताना दिसतात. वाहिलेल्या धातूच्या बारीक रेषांमुळे ते होतं, त्यालाच बाजारात लस्टर म्हणतात. छाप कच्ची असेल तर सपाट जागेवर मूळ चकतीचा खरबरीतपणा आणि बारीक ओरखडे तसेच राहिलेले असतात, आणि प्रकाशाचा पट्टा त्या जागेवरूनही जातो. झीज असेल तर पट्टा तिथे तुटतो, जागा गुळगुळीत आणि आसपासच्या रंगापेक्षा वेगळी दिसते. पाचपट भिंग पुरतं. दहापट भिंगातून प्रत्येक नाणं भंगारच वाटतं, उगाच धीर सुटतो.

सरावाला पैसे घालवू नका. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना जी चिल्लर परत येते, तीच तुमची शाळा. एक रुपयाची नाणी साठवा, झिजेच्या क्रमाने लावा, प्रत्येकाची ग्रेड चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाला आणि काही दिवसांनी चिठ्ठी न बघता परत ठरवा. दोन्ही वेळच्या ग्रेडमध्ये फार अंतर पडत असेल तर अजून विकत घ्यायची वेळ आलेली नाही. जाता जाता टांकसाळीच्या खुणाही पाठ होतील: सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं. बारा कोनी २० रुपयांचं नाणं हाताशी असेल तर त्याकडे डिझाइन म्हणून बघा. २०१९ ची ती मालिका अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने आखली, दृष्टिहीनांना बोटांनी ओळखू यावी हे ध्यानात धरून.

एवढ्याशा जागेत आकृती फसते कशी, याला १९११ चा रुपया हे माझं आवडतं उदाहरण. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हारातला हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून आला.

आता आपल्या गावची नाणी. कमाटी बागेतल्या म्युझियमला एकदा जाऊन भागत नाही. सयाजीराव महाराजांची यंत्रावर पाडलेली चांदीची नाणी सोपी: महाराजांचा चेहरा, देवनागरी मजकूर, मागे संवत. संवत १९४८ मधून ५७ वजा केले की १८९१. यांना वरचे सगळे नियम लागू पडतात. त्याआधीचे बडोदा संस्थानाचे बाबाशाही रुपये मात्र हातोड्याने ठोकलेले. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकुराचा एक तुकडाच नाण्यावर उमटतो. फारसी मजकुरात एखादं नागरी अक्षर असतं, त्यावरून राजा ओळखायचा. अशा नाण्याला ‘अपुरं’ म्हणून ग्रेड कमी करणं मला पटत नाही. आधी बघा की चकतीवर काय काय आलंय, टांकसाळ आणि साल वाचता येतंय का, आणि जे आलंय ते किती झिजलंय.

तसंच सराफांच्या खुणांचं. चांदी खरी आहे का हे बघायला सराफ छोटी पोगर (ठोकून उठवायची खूण) मारत. परदेशी कंपन्या लेबलवर तशी नोंद करतात आणि भाव उतरतो. घडियाळी पोळेतले एक सराफकाका मात्र अशी नाणी मुद्दाम बाजूला काढून ठेवतात. “अहो, आमच्या धंद्याची सही आहे ती,” म्हणतात. मी काकांच्या बाजूची.

नाणी धुऊ नका. लक्ष्मीपूजनाला चिंचेने आणि राखेने घासून लख्ख केलेले व्हिक्टोरियाचे रुपये दांडिया बाजारातल्या घराघरांत आहेत. पूजेला ते छानच, पण ग्रेडिंगमध्ये अशा नाण्याला आकडा मिळत नाही, ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो. टाका लावून गळ्यात घातलेल्यांचंही तेच. ठेवायला मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, तांब्यावर हिरवट चिकटा धरतो.

खोट्या मालाबद्दल थोडंच सांगते. इंग्रजी अमलातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, खिशात छोटा काटा असू द्या. ओतीव नकलेवर बारीक छिद्रं आणि कडेला सांध्याची रेघ सापडते. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं, हनुमान किंवा राम-सीता असलेलं ‘नाणं’ कंपनीने कधी पाडलंच नाही. आणि जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या असल्या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता.

पोटापाण्याचं विचाराल तर निव्वळ ग्रेडिंगवर आपल्याकडे फार थोड्यांचं घर चालतं. लिलावगृहात कॅटलॉग लिहिण्याचं काम मिळतं, मी तेच करते. त्यासाठी फारसी लिपी आणि हिजरी सालं वाचता यायलाच हवीत. आपल्या विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग आहे, तिकडून संग्रहालयांत जाता येतं. ज्यांचा हात चालतो त्यांनी सरकारी टांकसाळी चालवणाऱ्या एसपीएमसीआयएलच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं: तिथे एनग्रेव्हरची, म्हणजे कोरीवकाम करणाऱ्यांची, पदं निघतात आणि फाइन आर्ट्सची पदवी मागतात. कायदाही माहीत असू द्या. शंभर वर्षांपलीकडचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते ग्रेडिंगसाठीसुद्धा अमेरिकेला पोस्टाने धाडता येत नाही. म्हणजे बाबाशाहीची ग्रेड तुम्हालाच ठरवावी लागणार, आणि गिऱ्हाईक विचारेल तेव्हा का ठरवली तेही सांगावं लागणार.